तुम्ही नेमके कुणाचे कामगार? नोकरीचा दर्जा कसा ठरतो आणि कायद्यात त्याने काय फरक पडतो

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही बैठकीत हा प्रश्न विचारून पाहा. महापालिकेचा रस्ता झाडणारा म्हणतो, "मी पालिकेत आहे." पगार कोण देतो विचारले तर ठेकेदाराचे नाव सांगतो. सरकारी दवाखान्यातली वॉर्डातली ताई म्हणते, "मी एजन्सीकडून आहे, पण हजेरी सिस्टर घेतात." महाविद्यालयात शिकवणारा आपला नेट-सेट झालेला तरुण म्हणतो, "मी तासिका तत्त्वावर आहे." मोटारसायकलवर जेवण पोहोचवणारा म्हणतो, "मी पार्टनर आहे." आशाताई म्हणतात, "आम्हाला मानधन मिळतं."

सगळे दिवसभर राबतात. पण त्यातला कोण कायद्याने कर्मचारी, कुणाचा कर्मचारी, आणि कोण कुणाचाच नाही, हे यातल्या बहुतेकांना काम सुटल्यावर कळते. तेव्हा हातात कागद नसतो, मुदत निघून गेलेली असते आणि ठेकेदार फोन उचलत नाही. म्हणून हा विषय आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी आधीच समजून घेतला पाहिजे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पहिला पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला, त्यात ते अग्रभागी होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूर खाते सांभाळले. कामगार कायदा हा आपल्या चळवळीच्या घरातलाच विषय आहे.

दर्जावर काय काय अवलंबून असते?

कायद्यातले बहुतेक हक्क "कामगार" किंवा "कर्मचारी" या शब्दाला बांधलेले आहेत. तो शब्द तुम्हाला लागू झाला तर हक्क मिळतात. नाही झाला तर तुम्ही फक्त "काम करून देणारा माणूस" उरता आणि दाद मागायची तर दिवाणी दावा लावावा लागतो. व्यवहारात फरक असा पडतो:

• कामावरून काढताना: एका वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. हे पाळले नाही तर कपात बेकायदा ठरते.

• भविष्य निर्वाह निधी: साधारणपणे २० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो.

• आजारपण आणि बाळंतपण: १० किंवा जास्त माणसे असतील तर राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू होऊ शकतो. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे.

• ग्रॅच्युइटी: सलग ५ वर्षे सेवा झाल्यावर प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार.

• अपघात आणि मृत्यू: कामावर असताना जीव गेला तर भरपाई कुणाकडे मागायची.

• आरक्षण: राज्यघटनेच्या कलम १६(४) चे आरक्षण सरकारी नेमणुकांना आणि पदांना लागते. तेच काम ठेक्यावर गेले की पद उरत नाही आणि पद नाही म्हणून बिंदुनामावलीही नाही. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात ९ एजन्सींमार्फत बाह्य यंत्रणेकडून मनुष्यबळ घेण्याचा मार्ग मोकळा केला होता. तरुणांच्या विरोधानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या रागाच्या मुळाशी दर्जाचाच प्रश्न होता.

• पुढची पिढी: लाड-पागे समितीच्या शिफारशींवर आधारलेला सफाई कामगारांचा वारसा हक्क कायम कर्मचाऱ्याच्या घराला मिळतो. तोच झाडू, तोच रस्ता, पण माणूस ठेक्यावर असेल तर त्याच्या माघारी घराच्या हाती काहीच येत नाही.

नावावर जाऊ नका, नात्यावर जा

नियुक्तीपत्रात किंवा करारात काय लिहिले आहे ते न्यायालय बघते, पण तिथे थांबत नाही. कामाचे खरे स्वरूप काय, हा मुख्य प्रश्न असतो. कायद्यात दोन नाती वेगळी मानली आहेत. एक नोकरीचे: मी माझा वेळ आणि श्रम तुला दिले, तू सांगशील तसे काम करीन. दुसरे ठेक्याचे: अमुक काम पुरे करून देतो, कसे करायचे ते माझे मी बघतो. घर रंगवणारा स्वतंत्र कारागीर तुमचा नोकर होत नाही. पण तोच माणूस एका बिल्डरकडे वर्षभर रोज आठ वाजता हजेरी लावून मुकादम सांगेल ती भिंत रंगवत असेल तर चित्र बदलते.

ही रेषा कुठे ओढायची याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने हळूहळू घडवले. त्यातले बरेच निकाल अगदी गरीब कष्टकऱ्यांच्या प्रकरणांतून आले आहेत.

मिठागरातले अगरिया. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांचा खटला धरांगध्रा केमिकल वर्क्सचा. निकाल १९५७ च्या लॉ रिपोर्टात आहे. कंपनी म्हणाली, हे हंगामापुरते येतात, घरच्यांना घेऊन काम करतात, मदतीला स्वतः माणसे लावतात, म्हणजे हे स्वतंत्र ठेकेदार. न्यायालयाने पाहिले की काम काय करायचे एवढेच नाही, तर ते कसे करायचे यावरही कंपनीचे नियंत्रण आहे. अगरिया स्वतः अंगमेहनत करतो, म्हणून तो कामगार ठरला. मदतीला माणूस लावला एवढ्याने तो मालक होत नाही.

नागपूरचे बिडी कामगार. बिर्दीचंद शर्मा प्रकरण १९६१ च्या लॉ रिपोर्टात नोंदले आहे. कामगार कारखान्यात येऊन बिड्या वळत, पैसे नगावर मिळत, येण्या-जाण्याची वेळ बरीचशी त्यांच्या हाती होती. मालकाचा मुद्दा असा की वेळेचे बंधन नाही म्हणून ते कामगार नाहीत. न्यायालयाने तो मानला नाही. काम मालकाच्या जागेत, माल मालकाचा, आणि ठरल्या दर्जाची बिडी नसेल तर ती नाकारण्याचा अधिकारही मालकाचा. नियंत्रणाचे स्वरूप धंद्यागणिक बदलते. बिडी वळणाऱ्याच्या डोक्यावर कुणी दिवसभर उभे राहायची गरज नसते, पण म्हणून नियंत्रण नाही असे होत नाही.

शिंपी. १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस खटल्यात नगावर कपडे शिवणाऱ्या शिंप्यांचा प्रश्न होता. शिलाई मशीन दुकानाचे, काम नीट नसेल तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा हक्क दुकानदाराचा. ते दुकानाचे कर्मचारी ठरले. नियंत्रण हा एकच निकष पुरेसा नाही, इतर सगळ्या गोष्टी एकत्र तोलाव्यात, हे इथे स्पष्ट झाले.

दोर वळणारे. १९७८ च्या हुसेनभाई प्रकरणात केरळमधील कालिकतच्या एका कारखान्यातले दोर वळणारे कामगार होते. मालक म्हणाला, त्यांना ठेकेदाराने लावले, माझा त्यांच्याशी करार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने कागदाचा पडदा बाजूला सारला. कामगारांच्या श्रमातून माल कुणाच्या धंद्यासाठी तयार होतो? त्या मालकाने हात आखडला तर या माणसांची पोटे बंद होतात का? तसे असेल तर खरा मालक तोच.

एवढे वाचून कुणाला वाटेल की कामगार नेहमी जिंकतो. तसे नाही. एअर इंडियाच्या उपाहारगृहातल्या कामगारांचे बलवंत राय सलुजा प्रकरण २०१४ मध्ये कामगारांच्या विरोधात गेले. तिथे न्यायालयाने सहा प्रश्न समोर ठेवले: नेमणूक कोण करतो? पगार कोण देतो? काढून टाकण्याचा अधिकार कुणाचा? शिस्तभंगाची कारवाई कोण करतो? सेवा सलग आहे का? आणि नियंत्रण व देखरेख कितपत, म्हणजे पूर्ण आहे की वरवरची? आज कुठल्याही प्रकरणाची तयारी या सहा प्रश्नांच्या उत्तरांनी सुरू करावी. प्रत्येक उत्तरासमोर "पुरावा काय?" हा रकाना ठेवावा.

मध्ये ठेकेदार असेल तर

आपल्या वस्त्यांतली सर्वांत मोठी अडचण हीच आहे. इथे तीन शक्यता असतात आणि त्यांचे परिणाम वेगळे आहेत.

पहिली, ठेका खरा आहे. ठेकेदाराची स्वतःची यंत्रणा आहे, तोच माणसे निवडतो, पगार देतो, बदलतो. अशा वेळी तुम्ही ठेकेदाराचे कामगार. तरीही मूळ मालक सुटत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. पीएफ आणि ईएसआयबाबतही तसेच.

दुसरी, ठेका खरा आहे, पण त्या कामात ठेका पद्धतीला बंदी आहे. १९९६ च्या एअर इंडिया निकालाने अशा कामगारांना आपोआप कायम व्हायचा हक्क दिला होता. २००१ मध्ये स्टील अथॉरिटी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल रद्द ठरवला. आता आपोआप सामावून घेतले जात नाही. मात्र मूळ मालकाने नियमित भरती काढली तर या कामगारांना प्राधान्य द्यायचे, असे त्यात म्हटले आहे.

तिसरी, ठेका फक्त देखावा आहे. ठेकेदार नावापुरता, सगळे मूळ मालकच चालवतो. त्याच स्टील अथॉरिटी निकालानुसार असा ठेका बनावट ठरला तर कामगार पहिल्यापासून मूळ मालकाचेच मानले जातात. लढाई बहुधा याच मुद्द्यावर होते.

इथे एक सावधगिरी. "साहेब तर पालिकेचे, तेच काम सांगतात" एवढ्यावर ठेका बनावट ठरत नाही. २००९ च्या विमानतळ प्राधिकरण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक आणि दुय्यम नियंत्रणात फरक केला. ठेकेदाराने माणूस पाठवला आणि तिथल्या अधिकाऱ्याने त्याला रोजचे काम सांगितले, हे दुय्यम नियंत्रण. तो माणूस कुठे आणि किती दिवस काम करील, राहील की जाईल हे कोण ठरवतो, हे प्राथमिक नियंत्रण. म्हणून पगार, नेमणूक, रजा आणि शिक्षा यांचे पुरावे लागतातच.

मुंबईचे २,७०० सफाई कामगार

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते ते मुंबईने पाहिले आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचा प्रश्न औद्योगिक न्यायाधिकरणासमोर नेला. ही माणसे पालिकेचाच कचरा उचलत होती, पण कागदोपत्री लहान लहान ठेक्यांत आणि संस्थांमध्ये विभागलेली होती. करारात "कामगार" हा शब्द टाळून "स्वयंसेवक" असे म्हटले जाई. लहान ठेक्यांमागे हिशेब होता. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० किंवा जास्त कामगार असतील तरच लागू होत असे. ठेका त्या आकड्याच्या खाली ठेवला की कायदा दारातच थांबतो.

न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये ठेका पद्धत हा देखावा असल्याचे मानले आणि २४० दिवस भरलेल्या २,७०० कामगारांना पालिकेचे कायम कामगार ठरवले. पालिका उच्च न्यायालयात हरली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कामगारांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. "स्वयंसेवक" हा शब्द टिकला नाही. टिकले ते रोजचे काम, हजेरी आणि संघटनेने वर्षानुवर्षे जपलेले कागद.

सरकारी खात्यात वर्षानुवर्षे "तात्पुरते" असणाऱ्यांचे काय?

इथे ठेकेदार नसतो, थेट सरकारच मालक असते. वाद असतो कायमपणाचा. एप्रिल २००६ मधील उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करण्यावर मोठी मर्यादा घातली. मंजूर पदावर, रीतसर प्रक्रियेतल्या काही त्रुटींसह पण पात्र असलेले आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय १० वर्षे काम केलेले, एवढ्यांनाच एकवेळची सवलत होती. त्यानंतर प्रत्येक खाते हाच निकाल तोंडावर फेकू लागले.

आपल्या कार्यकर्त्यांनी दोन निकाल लक्षात ठेवावेत. पहिला २००९ चा, आणि तो आपल्याच माणसांनी लढवलेला: महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना. एसटीत साफसफाई करणाऱ्या रोजंदार कामगारांचा प्रश्न होता. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा सांगितली आहे. ती सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाला कायम करण्याचा आदेश देता येतो आणि उमादेवी निकालाने तो अधिकार काढून घेतलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मात्र मंजूर पदे आहेत का, हा प्रश्न इथेही उभा राहतो.

दुसरा २० डिसेंबर २०२४ चा जग्गो प्रकरणाचा. केंद्रीय जल आयोगात सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना "अर्धवेळ" म्हणत दीर्घकाळ राबवून २०१८ मध्ये काढले होते. न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने त्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश दिला. काम कायमस्वरूपी आणि गरजेचे असेल तर "अर्धवेळ", "कंत्राटी" असली लेबले लावून हक्क नाकारता येत नाहीत, आणि उमादेवी निकाल शोषणाची ढाल म्हणून वापरू नये, असा या निकालाचा आशय आहे.

कायम होणे वेगळे आणि समान काम समान वेतन वेगळे, हेही विसरू नका. २०१६ च्या जगजित सिंग निकालाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही तेच काम करणाऱ्या नियमित कर्मचाऱ्याच्या किमान वेतनश्रेणीचा हक्क मान्य केला. कायम करण्याची मागणी अडकली तरी ही मागणी स्वतंत्रपणे करता येते.

एकच माणूस, दर्जा मात्र कायद्यागणिक वेगळा

बरेच कार्यकर्ते इथे चुकतात. "तो कर्मचारी आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. "कोणत्या कायद्यासाठी?" हे जोडले तरच उत्तर मिळते.

अंगणवाडी सेविकांचे उदाहरण घ्या. अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या सरकारी पद धारण करत नाहीत असे म्हटले. पण एप्रिल २०२२ मध्ये मणिबेन भारिया प्रकरणात त्याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचे सांगितले. एका कायद्यात नाही म्हणून सगळीकडे नाही, असे गृहीत धरले असते तर हा हक्क मिळालाच नसता.

शिक्षकांचे उलट आहे. १९८८ च्या सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार प्रकरणात शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला "कामगार" नाही असे ठरले, कारण शिकवणे हे अंगमेहनत, कुशल वा कारकुनी काम या व्याख्येत बसत नाही. म्हणून काढून टाकलेल्या शिक्षकाने कामगार न्यायालयाचा रस्ता धरू नये. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ च्या कायद्याखालचे शाळा न्यायाधिकरण आहे.

पदाच्या नावालाही असाच भुलू नका. "सुपरवायझर", "एक्झिक्युटिव्ह", "मॅनेजर" असे बिल्ले लावून कामगार कायद्याबाहेर काढण्याची रीत जुनी आहे. न्यायालय पाहते की दिवसाचा मुख्य वेळ कोणत्या कामात जातो. रजा मंजूर करायचा किंवा माणूस काढायचा अधिकारच नसलेला मॅनेजर फक्त बिल्ल्यावरचा मॅनेजर असतो.

आणि काही कायदे असे आहेत की दर्जाची पळवाटच बंद करतात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कोणत्याही रीतीने माणसाला गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला लावण्यास मनाई करतो. "तो आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता" हे उत्तर इथे चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बलराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. वस्तीत असा मृत्यू झाला तर मालक कोण यावर वाद घालण्यात दिवस घालवू नका. गुन्हा नोंदवा आणि भरपाईची मागणी लेखी द्या.

महाराष्ट्राने दर्जाच्या गुंत्यावर आणखी एक वाट काढली आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंद मंडळाकडे केली आणि मजुरी व लाभ मंडळामार्फत देण्याची पद्धत आणली. रोज वेगळ्या व्यापाऱ्याचा माल उचलणाऱ्याचा "मालक कोण?" हा प्रश्नच त्यामुळे मागे पडला.

नव्या कामगार संहिता आणि "पार्टनर" मंडळी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. जुने निकाल म्हणून निरुपयोगी झालेले नाहीत, कारण मालक-कामगार नाते ओळखण्याचा प्रश्न तोच आहे. पण काही बदल माहीत हवेत.

कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आता ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होतात. मुख्य कामात ठेका पद्धतीला बंदी आहे, पण मुख्य कामाच्या व्याख्येतून झाडलोट आणि कचरा उचलणे यांसह सफाईचे काम वगळले आहे. अपवाद एवढाच, की ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली असली तर सफाई हे तिचे मुख्य काम मानता येते. शहराची स्वच्छता हे महापालिकेचे मूळ कर्तव्य आहे, हा युक्तिवाद आपल्या संघटनांना इथूनच पुढे न्यावा लागेल. जात आणि ठेका यांचे नाते कायद्याच्या एका ओळीत कसे लपते, ते इथे दिसते.

ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला आता ५ वर्षे थांबावे लागत नाही. एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटीची तरतूद आहे.

अॅपवर काम करणाऱ्यांसाठी सामाजिक सुरक्षा संहितेत "गिग कामगार" आणि "प्लॅटफॉर्म कामगार" अशा व्याख्या आल्या. अॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. पण त्याच व्याख्येत त्यांना पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेर ठेवले आहे. म्हणजे योजना मिळेल, किमान वेतनाचा किंवा कपातीविरुद्धचा हक्क आपोआप मिळणार नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना "वर्कर" मानले. भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, रेटिंगवरून शिक्षा कंपनी करते, हे त्यात महत्त्वाचे ठरले. अगरिया आणि बिडी कामगारांच्या निकालांत विचारलेले प्रश्न तेच होते. फक्त मुकादमाची जागा मोबाइलने घेतली आहे.

काम चालू असतानाच करायच्या गोष्टी

२४० दिवस काम केले हे सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी कामगारावर असते. २००२ च्या हदीमणी निकालात नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही असे म्हटले आहे. २००६ च्या येल्लट्टी निकालाने थोडा आधार दिला: कामगाराने शपथेवर साक्ष द्यावी, मस्टर हजर करण्याची मागणी करावी, आणि मालकाने ते दडवले तर परिस्थिती पाहून न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. म्हणून:

१. ओळखपत्र, गेटपास, गणवेशावरचा शिक्का, ड्यूटीची यादी, पगारचिठ्ठी यांचे फोटो काढून दुसऱ्याच्या मोबाइलवरही ठेवा. साहेबाचे कामाचे व्हॉट्सअॅप संदेश पुसू नका.

२. पगार शक्यतो बँकेतून घ्या. रोखीने मिळत असेल तर तारीख, रक्कम आणि देणाऱ्याचे नाव वहीत लिहा. हजेरीची स्वतःची वही ठेवा.

३. पीएफचे पासबुक उतरवून घ्या. एकाच यूएएन क्रमांकाखाली दर वर्षी नवा ठेकेदार, पण कामाची जागा तीच, असे दिसले तर सेवा सलग असल्याचा तो चांगला पुरावा असतो.

४. काम सरकारी किंवा पालिकेचे असेल तर माहिती अधिकारात ठेक्याचा करार, निविदा, ठेकेदाराचा परवाना, हजेरीपत्रके आणि पगाराची बिले मागा. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

५. आधार, बँक, पीएफ आणि मस्टर यांत नाव एकसारखे आहे का बघा. स्पेलिंगच्या चुकीने हातचा हक्क लटकतो.

६. कोऱ्या कागदावर, किंवा "मी स्वेच्छेने काम सोडत आहे" अशा मजकुरावर सही करू नका.

दार चुकले तर वर्षे वाया जातात

महाराष्ट्रात एक चूक अनेकदा होते. ठेक्यावरचा कामगार थेट औद्योगिक न्यायालयात अनुचित प्रथेची तक्रार लावतो. २००१ च्या कल्याणी स्टील आणि सिप्ला निकालांनुसार, मालक-कामगार नातेच वादात असेल आणि ते आधी कुठे ठरलेले नसेल, तर ही तक्रार तिथे चालत नाही. आधी औद्योगिक विवादाच्या मार्गाने, म्हणजे कामगार आयुक्तांकडच्या समेटातून न्यायाधिकरणाकडे जाऊन, दर्जा ठरवून घ्यावा लागतो. मुंबईच्या २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल लागला तो न्यायाधिकरणातच.

मुदतीकडेही लक्ष हवे. कामावरून काढल्याच्या वादासाठी जुन्या कायद्यात थेट अर्जाची मुदत ३ वर्षे होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेत वाद उभा राहिल्यापासून २ वर्षांनंतर समेटाची कार्यवाही होत नाही. काढल्याच्या पहिल्याच आठवड्यात कामावर घेण्याची मागणी लेखी पाठवा आणि पोच जपून ठेवा. पुढच्या पायऱ्या संघटनेच्या किंवा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाच्या सल्ल्याने टाका. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते.

शेवटी

एकटा कामगार "मी कुणाचा?" असे विचारतो तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याची ड्यूटी बंद होऊ शकते. हाच प्रश्न पन्नास जणांनी संघटनेच्या पत्रावर विचारला तर त्याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून आपल्या युवक मंडळांनी एक छोटे काम हाती घ्यावे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास द्या. वस्तीतल्या प्रत्येक कामगाराला वर दिलेले सहा प्रश्न विचारा, उत्तरे वहीत लिहा, कागदांचे फोटो काढून ठेवा. खटला उभा राहील तेव्हा हीच वही पहिला पुरावा असेल. आणि कदाचित ती वही आहे हे कळल्यावर काहींना काढण्याची हिंमतच होणार नाही.

जय भीम!